जॉन माल्कम

सर जॉन माल्कम (२ मे १७६९ – ३० मे १८३३) हे ईस्ट इंडिया कंपनीचे सेनाधिकारी, मुत्सद्दी, इतिहासलेखक व १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ज्या चढावर ‘घाटाचा राजा’ ठरतो, त्या बोरघाटातील गाडीरस्ता त्यांच्याच कारकिर्दीत वाहतुकीस खुला झाला.

स्कॉटलंडमधील बर्नफूट येथे एका कर्जबाजारी शेतकरी कुटुंबातील सतरा भावंडांत त्यांचा जन्म झाला. १७८३ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, ते कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. पुढे फार्सी भाषेवर प्रभुत्व मिळवल्यामुळे त्यांना इराणच्या दरबारी वकील म्हणून पाठवण्यात आले. इराणच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठ्यांच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते प्रामुख्याने १८१७-१८ च्या युद्धामुळे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला, त्या वेळी माल्कम रणांगणावर होते. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव त्यांच्या स्वाधीन झाला. शरणागतीच्या बोलण्यात माल्कम यांनी पेशव्याला वार्षिक आठ लाख रुपयांची नेमणूक कबूल केली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांना ही रक्कम अवाजवी वाटली, तरी दिलेला शब्द पाळण्यात आला. बाजीरावाच्या मृत्यूनंतर मात्र हीच नेमणूक नानासाहेबास नाकारण्यात आली आणि त्याचे पडसाद १८५७ मध्ये उमटले.

गव्हर्नर म्हणून त्यांची कारकीर्द शांततेची नव्हती. सरकारी अधिकार कोठवर चालतो, या प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ग्रँट यांच्याशी त्यांचा वाद इतका विकोपास गेला, की १८२९ मध्ये ग्रँट यांनी न्यायालयाचे कामकाजच बंद ठेवले. त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून महाबळेश्वर घेण्यात आले. बदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव देण्यात आले. (बोरघाटमाथ्यावरचे खंडाळा ते हे नव्हे.) महाबळेश्वरच्या बाजारपेठेस पुढे माल्कमपेठ असे नाव पडले.

बोरघाटात १८०४ मध्ये वेलस्ली यांनी तोफा चढवण्याजोगी वाट करविली होती. परंतु ती इतकी उभी होती, की माल बैलांच्या पाठीवर व प्रवासी पालखीतूनच जात. माल्कम यांनी चाकांच्या गाड्या चढतील असा रस्ता बांधवून १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला केला. कोकण आणि देश यांमधील मालवाहतूक त्यामुळे पुष्कळ सुलभ झाली. घाटातून रेल्वे जाण्यास त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लागला. खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणारी घाटातील चढण आजही सायकलस्वारांचा कस पाहते.

१८३० च्या अखेरीस माल्कम मायदेशी परतले व ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. रॉबर्ट क्लाइव्ह यांचे चरित्र लिहीत असतानाच लंडन येथे त्यांचे निधन झाले. शिल्पकार फ्रान्सिस चँट्री यांनी घडविलेला त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे.