अब्राहम डी मॉयव्हर

ज्याचा सिद्धांत गणिताच्या विद्यार्थ्यांस पाठ असतो, त्या डी मॉयव्हरचें चरित्र मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. त्याचा जन्म फ्रान्स देशांत व्हित्री या गांवीं एका शस्त्रवैद्याच्या घरीं २६ मे १६६७ रोजीं झाला. कुटुंब प्रॉटेस्टंट होतें. त्या पंथास पूर्वीं मिळालेलें अभयपत्र चौदाव्या लुई राजानें १६८५ सालीं रद्द केलें, तेव्हां हजारों कुटुंबांप्रमाणें यासही मायदेश सोडावा लागला. तो लंडनला आला व मरेपर्यंत तेथेंच राहिला.

पोटासाठीं त्यानें खाजगी शिकवण्या धरल्या. न्यूटनचा प्रिन्सिपिया ग्रंथ हातीं आला, पण वाचावयास वेळ कोठून आणावा? म्हणून त्यानें ग्रंथाचीं पानेंच फाडलीं. दोनचार खिशांत घालून निघावें आणि एका घराहून दुसऱ्या घरीं जातांना वाचावीं. (आमच्या विद्यार्थ्यांनीं पानें फाडण्याचा तेवढा भाग सोडून द्यावा.) १६९७ सालीं तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. खुद्द न्यूटन, कोणी शंका विचारली तर, डी मॉयव्हरकडे बोट दाखवी. तरीही परदेशी माणसास प्राध्यापकाची जागा कोणी दिली नाहीं. मग स्लॉटरच्या कॉफीगृहांत बसून जुगाऱ्यांस पैजांचे हिशेब सांगावे, हाच त्याचा जोडधंदा झाला.

त्यांतूनच १७१८ सालीं संभवांवरील त्याचा इंग्रजी ग्रंथ निघाला व तो त्यानें न्यूटनला अर्पण केला. भास्कराचार्यांनीं लीलावतींत ज्या गणितास अंकपाश म्हटलें, तेंच येथें नव्या कामास लागलें आहे. त्याचें एक उदाहरण पाहूं. सहा चिठ्ठ्यांवर अ, ब, क, ड, इ, फ हीं अक्षरें लिहावीं व न पाहतां एकीमागून एक अशा दोन काढाव्या. पहिली अ आणि दुसरी ब निघण्याचा संभव किती? प्रथम सहा चिठ्ठ्या आहेत, म्हणून अ चा संभव १/६. मग पांच उरतात, म्हणून ब चा १/५. गुणाकार १/३०. परंतु अ-ब या क्रमास जेवढा संभव, तेवढाच इतर कोणत्याही क्रमास आहे. अर्थात् असे क्रम ३० असलेच पाहिजेत. आपण शाळेंत आधीं क्रम मोजतों व मागाहून संभव काढतों. त्यानें संभवावरूनच क्रम मोजले. मला ही वाट अधिक सरळ वाटते, कारण चिठ्ठ्या कमी होत जातात हें तींत डोळ्यांपुढें राहतें. क्रमाची अट काढली तर अ-ब व ब-अ दोन्ही चालतात आणि उत्तर १/१५ होतें. परीक्षेंत मुलें घसरतात तीं येथेंच.

सहाही चिठ्ठ्या काढल्या तर क्रम ७२० होतात. त्यांपैकीं एकही अक्षर आपल्या जागीं न येण्याचे किती? २६५. असल्या अवघड प्रश्नांचीही सामान्य रीत त्यानें दिली आहे. १७२५ सालीं हेंच शास्त्र त्यानें वर्षासनांच्या हिशेबास लाविलें व ज्यांस पत्त्यांचें नांवही नको अशा गृहस्थांसही तें उपयोगी पडलें.

म्हातारपणीं दृष्टि गेली. दारिद्र्य मात्र गेलें नाहीं. रोज झोप किती वाढते हें पाहून त्यानें आपला मृत्युदिन काढला, अशी कथा सांगतात. ती खरी मानण्यास आधार नाहीं. ज्या देशानें त्यास घालविलें, तेथील पॅरिसच्या अकादमीनें १७५४ सालीं त्यास सभासद निवडलें. त्याच वर्षीं २७ नोव्हेंबरला तो वारला. संभवांवरील ग्रंथाची त्यानें सुधारलेली तिसरी आवृत्ति १७५६ सालीं बाहेर पडली.