फोन घरी रिपेअर केला, आता चार्जिंग होत नाही? आधी ओहमची चूक वाचा

मागच्या महिन्यात जुन्या फोनचा चार्जिंग बोर्ड मी घरीच बदलला. चार्जिंगचं चिन्ह आलं, पण तासाभरात जेमतेम दहा टक्के. दोन दिवस मी त्या नव्या बोर्डलाच शिव्या घालत होतो. मग गेऑर्ग ओहम आठवला, ज्याचा नियम आपण शाळेत पाठ केला आणि सोडून दिला.

ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये जन्मला. वडील कुलपं बनवायचे. स्वतःच गणित शिकलेले, मुलांनाही त्यांनीच शिकवलं. पुढे ओहम कोलोनच्या शाळेत मास्तर झाला आणि शिकवता शिकवता विजेचे प्रयोग करायला लागला. उपकरणं बरीचशी स्वतःच बनवायचा, म्हणजे हा आपल्यातलाच माणूस.

पण १८२५ मध्ये त्याने छापलेलं पहिलं सूत्र चुकलं. गडबड तारांमध्ये नव्हती, बॅटरीत होती. त्या काळच्या बॅटरीचा जोर सर्किट जोडलं की हलायचा. सोर्सच डळमळीत, मग तारेचं माप खरं कसं येणार? पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला बॅटरीऐवजी थर्मोकपल वापरायला सुचवलं. तांबं आणि बिस्मथचे दोन जोड, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमान स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर. मग त्याने एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या, आणि १८२६ मध्ये नियम हाती आला.

१८२७ च्या पुस्तकाला मात्र थंड प्रतिसाद मिळाला. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं ओढाताणीत काढली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं. म्युनिकमध्ये प्राध्यापकाची खुर्ची मिळाली १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो गेला. दोनच वर्षं! रोधाच्या एककाला त्याचं नाव नंतर लागलं, तेही बघायला तो नव्हता.

तर माझा फोन. ओहमसारखं आधी सोर्स पक्का केला. दुसऱ्या फोनवर नीट चालणारा चार्जर आणि त्याचीच केबल घेतली, मध्ये यूएसबी मीटर लावला. दुसरा फोन जवळपास २ अँपिअर घेत होता, माझा अर्धाही नाही. म्हणजे चार्जर आणि केबल सुटले, दोष फोनच्या आत.

फोन बंद केला, उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढला आणि मग एका वेळी एकच गोष्ट तपासली. पोर्ट स्वच्छ होता. बोर्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या फ्लेक्सचा कनेक्टर मात्र एका बाजूने अर्धवटच बसला होता. अशा जागी नुसता ०.२ ओहम रोध वाढला, तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. चार्जिंगची चिप ते ओळखून करंट कमी करते. शिवाय टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत ०.८ वॉट उष्णता तयार होते, म्हणून रिपेअरनंतर पोर्टपाशी फोन तापत असेल तर तसाच वापरू नका. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर हे काहीच करू नका, सरळ दुकानात द्या.

कनेक्टर काढून सरळ दाबला, टक् असा आवाज आला. मीटरवर आता १.८ दिसतंय. पाठचं झाकण मात्र अजून एका कोपऱ्यात नीट बसत नाहीये.