सरहद्दीपलीकडचा कायदा आणि बार्टल फ्रिअर

परदेशात गुन्हा करणाऱ्या भारतीय नागरिकाला भारतातील न्यायालयापुढे उभे करता येते. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. राज्याचा कायदा सरहद्दीशी थांबावा की प्रजाजनाच्या पाठोपाठ समुद्र ओलांडावा, हा प्रश्न मात्र जुना आहे. मुंबई इलाख्यापुरता तो सर्वांत ठळकपणे उभा राहिला झांझिबारमध्ये, आणि त्याच्याशी ज्यांचे नाव जोडले गेले ते होते मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर.

फ्रिअर यांचा जन्म १८१५ चा. हेलिबरी येथे कंपनीच्या महाविद्यालयात शिकून ते १८३४ मध्ये मुंबईत आले. पुणे भागात महसुली कामाची उमेदवारी केल्यावर १८४७ मध्ये ते साताऱ्याचे रेसिडेंट झाले. पुढच्याच वर्षी छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांचे निधन झाले. दत्तक वारसाचा हक्क मान्य करावा, असे फ्रिअर यांचे मत होते. डलहौसी यांनी राज्य खालसा केले आणि तेथील कारभार फ्रिअर यांच्याच हाती सोपवला. मतभेद नोंदवावा, पण हुकूम अमलात आणावा, ही त्या सेवेची रीत त्यांनी पाळली. त्यानंतर सिंधचे आयुक्त, कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे सदस्य आणि १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर, अशी त्यांची चढती कमान राहिली. कायदे मंडळात भारतीयांना स्थान द्यावे, असा आग्रह त्यांनी कलकत्त्यात असताना धरला होता.

त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळातच, ऑगस्ट १८६२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले. चार वर्षांनी राणीच्या फर्मानाने झांझिबारमधील ब्रिटिश कॉन्सलच्या न्यायालयाला रीतसर अधिकार मिळाले. तेथे भारतातील कायदे लागू झाले आणि अपील मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे येऊ लागले. सुलतानाच्या स्वतंत्र राज्यातील काही रहिवासी अशा रीतीने न्यायापुरते मुंबई इलाख्यात आले.

हे रहिवासी बहुतांशी कच्छ-काठियावाडचे भाटिया, खोजा आणि बोहरा व्यापारी होते. बंदराची जकात जयराम शिवजी यांच्या पेढीकडे मक्त्याने होती. हस्तिदंत आणि गुलाम आणणाऱ्या तांड्यांना भांडवल याच वर्गाकडून मिळे आणि अनेकांच्या घरी गुलाम होते. १८५८ ते १८६१ या काळात कॉन्सल असलेले रिग्बी यांनी भारतीयांच्या ताब्यातील हजारो गुलाम मुक्त केले होते. अडचण होती ती कच्छी व्यापाऱ्यांची. कच्छ हे संस्थान असल्याने तेथील माणूस ब्रिटिश प्रजाजन की सुलतानाच्या आश्रयाखालचा, हा वाद चालूच राहिला. व्यापाऱ्याला संरक्षण हवे तेव्हा तो ब्रिटिशांकडे जाई आणि गुलामांची चौकशी निघाली की सुलतानाकडे. १८६९ मध्ये कच्छच्या रावांनी जाहीरनामा काढून झांझिबारमधील आपल्या प्रजेवर ब्रिटिश अधिकार मान्य केला.

जानेवारी १८७३ मध्ये फ्रिअर ब्रिटिश सरकारचे विशेष दूत म्हणून सुलतान बरगश यांच्यापुढे उभे राहिले. आदल्या वर्षीच्या वादळाने लवंगेच्या बागा झोपवल्या होत्या. सुलतानांनी नकार दिला. फ्रिअर परतल्यावर नाकेबंदीच्या धमकीपुढे ५ जून १८७३ रोजी करार झाला. त्यावर ब्रिटिशांच्या वतीने कॉन्सल कर्क यांची सही आहे. करारानुसार समुद्रमार्गे होणारी गुलामांची ने-आण थांबली आणि गुलामांचे बाजार बंद झाले. त्याच करारात ब्रिटिश संरक्षणाखालील भारतीय संस्थानांच्या प्रजेला गुलाम बाळगू न देण्याची हमी राणीने दिली. सुलतानांवर बंधन घालताना आपल्या माणसांवरही ते घालणे भाग होते. १८७६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पुढचे पाऊल टाकले. आशिया-आफ्रिकेतील निर्दिष्ट प्रदेशांत गुलामांच्या व्यापारासंबंधी गुन्हा करणारा ब्रिटिश किंवा संस्थानी प्रजाजन, तो गुन्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच घडला असे मानून, भारतीय दंडसंहितेखाली शिक्षेस पात्र ठरला. हेतू निःसंशय चांगला होता. पण ज्या कच्छी माणसाला हा कायदा बांधत होता, त्याला तो करणाऱ्या सभागृहात आवाज नव्हता.

याच विचाराची दुसरी बाजू फ्रिअर यांच्या आयुष्यात पुढे दिसली. १८७७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत उच्चायुक्त झाले. डिसेंबर १८७८ मध्ये लंडनची संमती न घेता त्यांनी झुलू राजा सेट्सवायो यांना निर्वाणीचा खलिता धाडला. सैन्यव्यवस्था मोडण्याच्या मागणीबरोबरच, युरोपीय माणूस गुंतलेला तंटा राजाने ब्रिटिश रेसिडेंटच्या उपस्थितीतच ऐकावा, अशी अट त्यात होती. झांझिबारमध्ये सीमा ओलांडणारा अधिकार आपल्या माणसाला जाब विचारत होता. झुलूलँडमध्ये तो दुसऱ्याच्या राजाला जाब विचारू लागला. युद्ध पेटले. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे इंग्रजी फौजेचा दारुण पराभव झाला. अखेरीस झुलू राज्य मोडले, पण फ्रिअर यांच्यावर सरकारने ठपका ठेवला आणि १८८० मध्ये त्यांना परत बोलावले. २९ मे १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईतील फ्रिअर रोड आज पी. डिमेलो मार्ग आहे. कराचीत फ्रिअर हॉल अजून उभा आहे.

गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्धची दंडसंहितेतील ३७० व ३७१ ही कलमे १८७६ च्या त्या कायद्यात नावानिशी होती. ३७० वे कलम २०१३ मध्ये मानवी तस्करीच्या गुन्ह्यासाठी नव्याने लिहिले गेले आणि आता ते न्याय संहितेत आले आहे. परदेशी घडलेल्या गुन्ह्याचा खटला भारतात चालवण्यास केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. ही संमती देताना सरकारने दोन्ही फ्रिअर आठवावेत. सरहद्दीबाहेर जाणारा कायदा आपल्या नागरिकाला उत्तरदायी करतो तोवर तो न्याय असतो. तो आपल्या माणसाची ढाल होऊन दुसऱ्या देशाच्या न्यायासनावर बसू पाहतो, तेव्हा त्याला साम्राज्य म्हणतात.