संगीतकार कै. गोविंदराव टेंबे

शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखाददुसरा विद्यार्थी स्वतः चाल लावलेले पद म्हणून दाखवितो. पद संपताच टाळ्यांचा कडकडाट होतो; क्वचित मागल्या बाकांवरून हशाही ऐकू येतो. घरी गेल्यावर आईवडील एक तर त्याचे तोंड भरून कौतुक करतात, नाही तर अभ्यास सोडून हे कसले खूळ म्हणून त्याला गप्प बसवितात. यांपैकी कशानेही त्या मुलाची पुढची चाल अधिक चांगली होत नाही. आपल्या चालीत ग्राह्य काय, त्याज्य काय, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. अशा मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी आम्ही आपल्या करवीर नगरीतील एका थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सादर करीत आहो. त्यांचे नाव गोविंद सदाशिव टेंबे.

गोविंदरावांचा जन्म 1881 साली कोल्हापूरनजीक सांगवडे या गावी झाला व त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. प्रथम कोणा गुरूपुढे बसून त्यांनी विद्या घेतली, असे नव्हे. बाजाची पेटी त्यांनी बहुतांशी आपली आपणच हस्तगत केली. परंतु आपल्या आपण शिकणाऱ्याला एक मोठी अडचण असते. बोटे चालू लागतात, पण ती बरोबर चालली की चुकली, हे सांगणारे कान जवळ नसतात. गोविंदरावांना असे कान देवल क्लबात लाभले. कोल्हापूरचा हा क्लब म्हणजे संगीतप्रेमी नागरिकांचे माहेरघर. तेथे नामांकित गवई आपली कला सादर करीत, आणि जाणते रसिक व होतकरू तरुण एकाच जाजमावर बसून ती ऐकत. अभिजात संगीताची खरी गोडी आपणास या क्लबाने लावली, हे ऋण गोविंदरावांनी पुढे मोकळ्या मनाने मान्य केले आहे.

काळही अनुकूल होता. श्रीशाहू छत्रपतींच्या आश्रयाने 1895 च्या सुमारास गायनाचार्य अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारी आले व महाराज 1922 साली निवर्तले तोपर्यंत येथेच राहिले. अशा असामान्य गवयाचे गायन वारंवार कानी पडणे हीच एक पाठशाळा होती. ज्याने उत्तम ऐकले आहे त्यालाच आपले उणे कळते. ज्याने कधी उत्तम ऐकलेच नाही त्याला दोष दाखविला, तर तो दोष त्याच्या ध्यानातच येत नाही. दोष दाखविणारा आपला वैरी आहे, एवढेच त्याला वाटते.

यानंतर गोविंदरावांना भास्करबुवा बखले यांचा सहवास घडला. भास्करबुवा (1869–1922) हे स्वतः अनेक उस्तादांपाशी शिकलेले, आणि अल्लादियाखाँ हे त्यांच्या गुरूंपैकी एक. गोविंदराव त्यांच्या मैफलींत पेटीची साथ करू लागले. आता पेटी हे वाद्य कसे आहे, ते पाहा. तिचे सूर पट्ट्यांवर बांधलेले. गळ्याला एका सुरावरून दुसऱ्यावर मिंडेने घसरत जाता येते. पेटीला पायऱ्या उतरल्याप्रमाणे जावे लागते. म्हणून गायकामागे पेटी वाजविणाऱ्याची प्रत्येक क्षणी परीक्षा होत असते. गवई एक जागा घेतो, साथीदार तिची नक्कल करू पाहतो, आणि ती साधली की निसटली याचा निर्णय तेथल्या तेथे साऱ्या सभेपुढे लागतो. त्यात शब्दांचे ताडन नसते, की खोटी स्तुतीही नसते. गवयाने तीच जागा पुन्हा घेतली म्हणजे दुरुस्ती झाली! या शाळेत गोविंदरावांची बोटे अशी तयार झाली की, पेटीवर गायकीचा भास व्हावा. पुढे त्यांनी साथ सोडून स्वतंत्र पेटीवादनही केले.

त्यांच्या नावाचा डंका महाराष्ट्रभर वाजला तो 'मानापमाना'मुळे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईस केला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. संगीताची कामगिरी गोविंदरावांकडे होती, आणि तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (1880) व 'सौभद्र' (1882) या नाटकांपासून रंगभूमीवर कीर्तनातल्या, लावणीच्या, कर्नाटकी वळणाच्या चाली व साकी-दिंड्या रूढ होत्या. गोविंदरावांनी उत्तरेकडील ठुमरी-कजरीचा लडिवाळ बाज मराठी पदांत आणला. रसिकांना तो इतका भावला की, मराठी नाट्यसंगीताचे वळणच पालटले.

तथापि या यशाबरोबर टीकाही आली, आणि विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते येथेच. या नाटकात चाल आधी व शब्द मागाहून असा क्रम होता. तयार चालीच्या मापात शब्द बसवावयाचे म्हणजे जेथे सूर लांबतो तेथे गुरू अक्षर हवे, जेथे तो झटकन सुटतो तेथे लघू हवे. या ओढाताणीत खाडिलकरांची पदे क्लिष्ट होतात, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला. गाणे मैफलीसारखे वाढत गेले की नाटक खोळंबते, असाही दुसरा आक्षेप होता. दोन्हींत तथ्य होते. पण नीट पाहिले तर पहिला आक्षेप शब्द व चाल यांच्या जोडणीवर आहे, आणि दुसरा गाणाऱ्याच्या विस्तारावर. यांपैकी कशानेही मूळ चालीचे सौंदर्य उणे होत नाही. ज्या टीकेत दोष नेमका कोठे आहे हे सांगितलेले असते, ती टीका उपकारक होते. सरसकट वाईट म्हणणारी टीका सरसकट वाहवेइतकीच निरुपयोगी होय.

चालीची खरी कसोटी दुसऱ्या गळ्यात लागते. 8 जुलै 1921 रोजी मुंबईस संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात बालगंधर्व भामिनी व आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर झाले होते. एकाचे गाणे मृदू व भावमधुर, दुसऱ्याचे तडफदार. दोन भिन्न प्रकृतींचे गायक एकाच संगीतकाराच्या चालींत रंगले, हा त्या चालींच्या कसदारपणाचा दाखलाच नव्हे काय?

1913 साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासमवेत गोविंदरावांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. काही काळाने ते तीतून बाहेर पडले व त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोलपट आला. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट काढला. त्याचे संगीत गोविंदरावांचे, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच! त्या काळी दुसऱ्याचा आवाज मागाहून जोडण्याची सोय नव्हती. नटाला यंत्रापुढे अभिनय करता करताच गावे लागे. तेव्हा चाल कितीही सुंदर असली, तरी ती त्या नटाच्या गळ्याला पेलली पाहिजे, हा विचार अपरिहार्य होता. पन्नाशी गाठलेल्या या गृहस्थाने नव्या यंत्राचे हे नवे नियम उमेदीने आत्मसात केले.

उत्तर वयात त्यांनी लेखणी हाती घेतली. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे; अल्लादियाखाँचे चरित्रही त्यांनी लिहिले. आपण काय ऐकले व त्यात काय पाहिले, हे मराठीत सांगण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत त्यांची गणना होते. 1955 साली दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रापासून आम्हांस जो बोध दिसतो तो असा. एखाद्या मुलाने लावलेली चाल ऐकावयाची, तर ती निदान दोनदा ऐकावी. पदाचा भाव कोणता व तो चालीने कसा दाखवावयाचा त्याच्या मनात होते, हे त्यालाच विचारावे. कारण करुण पदात उडती चाल त्याने अजाणतेपणी घातली की हेतुपूर्वक, हे आपणास ठाऊक नसते. मग चालीतील जी जागा खरोखर साधली असेल ती प्रथम दाखवावी, म्हणजे दुरुस्तीच्या भरात तो तीच मोडून टाकणार नाही. त्यानंतर एकच दोष, परंतु नेमका, सांगावा. अमुक शब्दावर सम येते व तो शब्द मध्येच तुटतो. अंतरा इतका उंच गेला आहे की काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलाचा गळा तेथे चिरकतो. चार मुलांनी मिळून म्हणताना पेटी इतकी मोठी वाजते की शब्दच ऐकू येत नाहीत. उपाय मात्र त्याचा त्याला शोधू द्यावा. आपण तयार चाल त्याच्या हाती दिली, तर ती आपली होईल, त्याची राहणार नाही.

विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे की, दोष चालीचा सांगितला जातो, तुमचा नव्हे. तो ऐकून रुसू नये, आणि सांगणारा मोठा आहे एवढ्यासाठी निमूटपणे मानूही नये. घरी जाऊन पद दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहावे व स्वतःच्या कानांना विचारावे. दुसऱ्या दिवशी सुधारलेली चाल घेऊन पुन्हा त्याच माणसाकडे जावे.

कोल्हापुरात गोविंदरावांसारखे आणखी कोणी निपजतील की नाही, हे विधात्यास ठाऊक. परंतु देवल क्लबासारखे दहा-पाच सहृदय श्रोते प्रत्येक शाळेत व प्रत्येक घरात असणे आपल्या हातचे आहे. पालकहो, आपला मुलगा वा मुलगी पुढल्या खेपेस पेटी पुढे ओढून नवी चाल ऐकवू लागेल, तेव्हा हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून ती शेवटपर्यंत ऐका, एवढीच आमची विनंती आहे.