सुधारकाचा दमा

कात्रपमधून निघून सकाळची लोकल गाठायची म्हणजे रोजची धावाधाव. जिना चढताना धाप लागली, की स्टॅमिना कमी झालाय म्हणून तुम्ही सोडून देता. पण पहाटे खोकल्याने जाग येत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर गोपाळ गणेश आगरकर तुम्हाला जवळचे वाटतील. त्यांना आयुष्यभर दम्याने छळलं.

१४ जुलै १८५६ ला कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात त्यांचा जन्म झाला. घरी गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केली आणि मग पुण्याचं डेक्कन कॉलेज गाठलं. तिथेच टिळकांशी मैत्री जमली. १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की स्वराज्य आधी, यावरून मित्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन यांवर ते तुटून पडले. चिडलेल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली! १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आणि १७ जून १८९५ ला, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, गेले.

हे सगळं त्यांनी दमा सोबत घेऊन केलं, हे लक्षात ठेवा. त्या काळी अनेक डॉक्टर दम्याला मज्जातंतूंचा विकार मानत. उपचार म्हणून धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढायला देत. श्वासनलिकेच्या आत सूज असते आणि ती उतरवावी लागते, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

आज ही सूज फुंकून मोजता येते. या टेस्टचं नाव 'फेनो'. श्वासनलिकेला ॲलर्जीच्या प्रकारची सूज आली, की तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त बनवतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या संशोधकांना तो माणसाच्या उच्छ्वासात सापडला. दमेकऱ्यांमध्ये तो जास्त असतो, हेही दिसलं. तुम्ही मशीनमध्ये साधारण १० सेकंद एकसारखं फुंकायचं, बस्स. सुई नाही, रक्त नाही. मोठ्यांमध्ये आकडा २५ पीपीबीच्या खाली असेल तर ही सूज असण्याची शक्यता कमी, ५० च्या वर असेल तर जास्त. अशा वेळी स्टेरॉइडचा इनहेलर बहुधा चांगला लागू पडतो. आकडा खाली आला, की औषध काम करतंय हे समजतं.

पण एवढ्या एका आकड्यावर दमा ठरत नाही. सिगारेटने तो कमी दिसतो, पालक-बीट खाल्ल्याने वाढतो. म्हणून डॉक्टर लक्षणं विचारतात, स्पायरोमेट्रीही करतात.

आपल्यात अजूनही इनहेलर बॅगेत लपवला जातो. लोक काय म्हणतील, सवय लागेल, लग्न जमणार नाही, अशी भीती असते. रूढी असो वा समजूत, ती बुद्धीवर घासून पाहा, हेच आगरकर आयुष्यभर सांगत राहिले. इनहेलरबद्दलच्या या समजुतींनाही तोच नियम लावा. आणि पहाटेचा खोकला थांबत नसेल, तर परीक्षा संपायची वाट न बघता डॉक्टरकडे जा.