रेम्ब्रांटने बर्फ काढलाच नाही, तरी तो दिसतो कसा?

रेम्ब्रांट म्हटलं की अंधारातून उजळलेले चेहरे आठवतात. पण अमेरिकेत हार्वर्डच्या संग्रहात त्याचं हिवाळ्याचं एक छोटं रेखाटन आहे. तपकिरी शाई, शेतातलं घर, कुंपण, थोडी झाडं. आणि भोवती पसरलेला बर्फ? तो म्हणजे जवळजवळ कोरा कागदच!

कागद कुठे मोकळा सोडायचा, ही नजर त्याला एचिंगने दिली असावी, असं मला वाटतं.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात. त्यावर सुईने चित्र कोरायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं. जास्त वेळ ठेवलं की रेघ खोल जाते, जास्त शाई धरते आणि छापल्यावर गडद दिसते. रंग नाहीच. उजेड, धुकं, पाऊस, सगळं रेघा किती दाट आणि किती विरळ यावर.

१६०६ मध्ये लायडनला एका गिरणीवाल्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा ॲमस्टरडॅममध्ये श्रीमंतांची पोर्ट्रेट्स करून नावारूपाला आला. १६३९ मध्ये त्याने १३ हजार गिल्डरचं घर घेतलं, तेही कर्जावर. पण सास्कियाची आणि त्याची तीन मुलं तान्ही असतानाच गेली. १६४२ मध्ये सास्कियाही गेली. तेव्हा टायटस वर्षाचाही नव्हता.

पुढच्याच वर्षीचं ‘तीन झाडं’ हे एचिंग मोबाईलवर झूम करून बघाच. डावीकडे पट्टीने ओढल्यासारख्या तिरक्या रेघा म्हणजे पाऊस. उजवीकडे झाडं काळीभोर, कारण त्यांच्यामागे आकाश उजळ ठेवलंय. खाली झुडपाच्या काळोखात एक जोडपं दडलंय. ते पटकन सापडत नाही. १६४५ च्या ‘सिक्सचा पूल’मध्ये मात्र मोजक्याच रेघा आहेत, बाकी सगळी मोकळी हवा.

१६५३ च्या सुमारास त्याची निसर्गाची एचिंग थांबली. १६५६ मध्ये दिवाळं निघालं. संग्रह लिलावात गेला, मग घरही. पुढे सोबतीण हेंड्रिक्या आणि टायटस यांनी काढलेल्या धंद्यात तो कागदोपत्री नोकर झाला. का, तर नवी कमाई सावकारांच्या हाती लागू नये. दोघंही त्याच्याआधी गेले. १६६९ मध्ये तो वारला आणि भाड्याच्या कबरीत पुरला गेला.

त्याचे बरेच पत्रे मात्र उरले आणि पुढे शंभर-दीडशे वर्षांनीही लोक त्यावरून छापत राहिले. छापून छापून तांबं झिजतं. आधी मखमली काळोख जातो, मग बारीक रेघा. त्यामुळे ऑनलाइन एखादं रेम्ब्रांटचं एचिंग फिकट, सपाट दिसलं, तर ते कदाचित अशाच दमलेल्या पत्र्यावरून निघालेलं असेल.