आगगाडीच्या डब्यातले डॉक्टर : कार्लोस चागास



आपल्या भित्तिपत्रकात थोरांची चरित्रे येतात. न्यायमूर्ती रानडे तर १८४२ साली आपल्या निफाडातच जन्मले, म्हणून त्यांच्यावर पुष्कळजण लिहितात. मी मात्र आज ब्राझील देशातल्या एका डॉक्टरांची हकिगत सांगणार आहे. त्यांचे नाव कार्लोस चागास.

चागासांच्या घरी कॉफीचे मळे होते. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. मुलाने इंजिनिअर व्हावे अशी आईची इच्छा. पण मामा डॉक्टर होते, त्यांच्याकडे पाहून चागासही डॉक्टरकीकडे वळले आणि १९०३ साली शिकून बाहेर पडले.

१९०७ साली तिकडे रेल्वेचा नवा रस्ता बांधणे चालू होते. मजुरांना हिवतापाने गाठले आणि काम अडले. तेव्हा चागासांना लासान्स नावाच्या खेड्यात पाठवले. तिथे दवाखाना कुठला? त्यांनी आगगाडीच्या एका डब्यातच बिऱ्हाड केले. झोपायचे त्यातच, रोगी तपासायचे त्यातच आणि सूक्ष्मदर्शकही त्यातच!

एका इंजिनिअरने त्यांना एक किडा दाखवला. हा मोठा, पंखवाला ढेकूण. कुडामातीच्या झोपड्यांच्या भेगांत तो दिवसभर दडून बसे आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडाला चावे. म्हणून लोक त्याला न्हावी म्हणत. चागासांनी त्याचे पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर आत बारीक जंतू वळवळत होते. त्यांनी किडे आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्याकडे धाडले. तिथल्या माकडांना ते चावले आणि माकडे आजारी पडली. चागासांनी त्या जंतूला स्वतःचे नव्हे, तर गुरूंचे नाव दिले.

पुढे १४ एप्रिल १९०९ रोजी तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या बेरेनीस या मुलीच्या रक्तात तोच जंतू सापडला. आपण ज्या तारखेला आंबेडकर जयंती करतो, तीच ही तारीख. २०२० पासून हा दिवस जगात चागास रोग दिन म्हणूनही पाळतात.

हा रोग मोठा लबाड आहे. ढेकूण चावताना जवळच घाण करतो. माणूस खाजवतो आणि जंतू जखमेतून किंवा डोळ्यातून आत शिरतो. थोडे दिवस ताप येतो, मग सगळे ठीक वाटते. पण जंतू हृदयाच्या स्नायूत घर करून बसतो. दहा-वीस वर्षांनी हृदय फुगते, ठोके चुकतात, दम लागतो, पायांना सूज येते. धडधाकट दिसणारा माणूस काम करता करता कोसळतो. सगळ्यांचेच असे होत नाही. बेरेनीस तर म्हातारी होईपर्यंत जगली.

चागास १९१७ साली गुरूंच्या संस्थेचे संचालक झाले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांनी रिओ शहरात रोग्यांची व्यवस्था पाहिली. तरी काही डॉक्टर म्हणू लागले की हा रोग फार थोड्यांना आहे, चागास उगीच बाऊ करतात. नोबेल पारितोषिकासाठी नाव सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. ८ नोव्हेंबर १९३४ रोजी चागास वारले. अर्जेंटिनातल्या डॉ. साल्वादोर माझ्झांनी शेकडो रोगी शोधून दाखवले, तेव्हा लोकांना पटले की चागास खरे बोलत होते.

आज यावर औषध आहे. लवकर दिले तर रोग बरा होतो. पण एकदा बिघडलेले हृदय पहिल्यासारखे होत नाही.

आपल्याकडे तो ढेकूण हा रोग पसरवत नाही. पण जनावरांना सर्रा रोग होतो, हे गुरे पाळणाऱ्या पालकांनी ऐकले असेल. त्याचा जंतू याच कुळातला आणि तो गोमाश्यांमुळे पसरतो. २००४ साली आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात, एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. औषधाने ते बरे झाले. माणसाला असे क्वचितच होते.

मला या चरित्रातून एक गोष्ट फार पटली. हा रोग नुसता जंतूचा नाही, तो पडक्या घराचाही आहे. भिंतीची भेग लिंपली, छप्पर नीट केले, तर ढेकणाला लपायला जागा उरत नाही. पण गरिबाला तेवढेही जमत नाही. म्हणूनच चागास सरकारला सांगत राहिले की नुसते औषध पुरे नाही, खेड्यातल्या माणसाला चांगले घर पाहिजे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी